नळीमागचा कागद

सभा क्रमांक सात. उपस्थिती पाच.
तस्नीम पिंजारी उशिरा आली, थेट वॉर्डातून,
हाताला स्पिरिटचा वास.
स्थळ : शरीररचना विभागामागची खोली,
जिथला पंखा फिरतो, पण वारा देत नाही.
विषय एक : जागतिक आरोग्य समितीचा फलक तिरका लागलाय.
विषय दोन : लिस्बनच्या विद्यार्थी परिषदेला पोस्टर.
विषय तीन : संख्या.
भामरे म्हणाला, दोनशेच्या खाली कुणी विचारत नाही.
मी चिटणीस. लिहून घेतलं.

मग आम्ही धुळ्याहून निघालो
भाड्याच्या टेंपोत, नळ्यांचे खोके मांडीवर घेऊन,
जशी लग्नाघरची काचेची भांडी नेतात.
सारंगखेड्याच्या पुलावर आईचा फोन :
काही खादं का व?
तुन्ही ती कमिटी पगार देस का?
प्रमाणपत्र देते, मी म्हटलं.
मंग ते टाक तवावर, ती म्हणाली,
आणि खाली तापी
धुक्यात कुठेतरी होती.

धडगावच्या पुढे रस्ता संपतो,
तिथून एक टेकडी चढून पाडा.
शाळेच्या ओट्यावर रांग.
बोटाला सुई, एक थेंब, नळी, पाच मिनिटं.
मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा :
रेघा दिसल्या तर, पुढचा या.
नाही दिसल्या
तर नाव पुन्हा विचारायचं, सावकाश,
आवाज न बदलता.
(आवाज न बदलण्याचा तास
आमच्या अभ्यासक्रमात नाही.)

रेघांचा कागद धुळ्यालाच राहिला होता.
चूक माझी. इतिवृत्तात नोंद नाही.
पिशवीत परिषदेचं निमंत्रण होतं, जाड, गुळगुळीत,
वर ठळक इंग्रजी अक्षरं.
भामरे म्हणाला, हेच धर.

एकशे बारा लोकांच्या रक्तातून
मी ते निमंत्रण वाचलं.
तेच शब्द, फिकट गुलाबी :
आरोग्य, सर्वांसाठी, सीमांपलीकडे.
पाठ झाले.

एकशे तेरावी रेहमी खेमा पावरा,
वय सोळा, आठवीत शाळा सुटलेली,
सांधे दुखतात, थंडीत जास्त.
नळी गढूळली
तांदळाच्या धुवणासारखी.
ती माझ्याच बाजूला येऊन वाकली,
पावरीत काहीतरी म्हणाली.
आशाताई रमिला हसली :
विचारतेय, मागे काय लिहिलंय?

मी पाहिलं.
मागे काहीच नव्हतं.
मला माहीत होतं तिथे काय आहे,
आणि तरी नव्हतं.
दिसत नाही, मी म्हटलं.
रमिलाने तेवढंच पलीकडे नेलं.
रेहमी मान हलवत म्हणाली,
आणि हे मराठीत, स्पष्ट :
मला पण नाही दिसत.

पोस्टर गेलं. संख्या दोनशे एकतीस.
रंगीत आलेख, तळाशी पाच नावं,
पाडा नकाशात एक ठिपका.
लिस्बनहून भामरेने फोटो पाठवला,
लोक थांबून वाचत होते म्हणे.
प्रयोगशाळेचा पक्का अहवाल यायला
त्यानंतर नऊ आठवडे लागले.
तोवर समितीची मुदत संपलेली,
नव्या समितीला विषय हवा होता : मानसिक आरोग्य.
बरोबरच आहे. तोही विषय आहे.

मी आणि तस्नीम एसटीने गेलो, कार्डं घेऊन.
सतरा पिवळी, तीन लाल.
सोळा घरं सापडली. चार नाही.
रेहमी गुजरातला, उसावर, मुकादमाबरोबर.
कुठला कारखाना, कुणाला ठाऊक नाही.
रमिला म्हणाली, होळीला येतील.

होळीला माझी फार्माकॉलॉजीची परीक्षा आहे.
लाल कार्ड अॅप्रनच्या खिशात आहे,
दोनदा धुण्यातून वाचलंय.
त्यावर तिचं नाव मी लिहिलंय,
माझ्या अक्षरात,
आणि अजून
दिसतंय.